पायली म्हणे बायनरी होती!

परवा ऑफिसच्या ग्रुपवर एक ढकलपत्र आलं. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. खाली ठळक अक्षरांत: 'आपल्या पूर्वजांना बायनरी ठाऊक होती! इंग्रजांच्या किलोपायी आपण हे वैभव गमावलं!' पाच मिनिटांत अंगठ्यांचा पाऊस.

पहिली गोष्ट, किलो इंग्रजांचा नाही, फ्रेंचांचा. तो इथे आणला स्वतंत्र भारताच्या संसदेने, १९५६च्या कायद्याने.

कोष्टक मात्र बरोबर आहे आणि सोयीचंही. हाताशी काटा नसेल तर निम्मं करत जाणं सगळ्यात सोपं. पण मंडळी, पायली केवढी? इथेच गाडी अडते. मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळा. वजनाच्या मणाची तीच गत. इंग्रजी अमदानीत मुंबईचा मण २८ पौंड, मद्रासचा २५ आणि बंगालचा ८२ च्या वर. आमच्या भाषेत सांगायचं तर फंक्शनचं नाव तेच, पण प्रत्येक सर्व्हरवर कोड निराळा! त्यात पायली हे आकारमानाचं माप. शिगोशीग भरायची की वरून हात फिरवून सपाट करायची? माप ज्याच्या हातात, तो ठरवणार.

पूर्वजांना हे कळत नव्हतं असं मुळीच नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात द्रोण चार प्रकारचा आहे. राजाच्या कोठारात येणाऱ्या धान्याला २०० पलांचा, व्यापाराला १८७॥, चाकरांना द्यायला १७५ आणि अंतःपुराला १६२॥. घेताना मोठा, देताना छोटा. तेही लपूनछपून नाही, चक्क नियम म्हणून!

'पण आजही लुबाडतातच ना?' असं कुणी म्हणेल. लुबाडतात की. बाजारात शेतकऱ्याच्या मालाला क्विंटलमागे किलो-दोन किलो 'कडता' लावल्याच्या तक्रारी आजही होतात. फरक एवढाच की किलो सगळीकडे एकच असल्यामुळे त्या कापाकापीला आपण चोरी म्हणू शकतो. तिचा हिशोब मांडता येतो, तक्रार करता येते. पायलीच्या काळात 'आमच्याकडची पायली अशीच' एवढं उत्तर पुरायचं. त्यावर शेतकरी काय बोलणार, कप्पाळ?

पायली, अधोली, चिपटं हे शब्द जरूर जपा. मलाही ते आवडतात. माळ्यावरचं पितळी मापटं घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवा. पण त्याची आरती करण्यापूर्वी एवढंच विचारा, की त्या मापाने मोजून देणारा कोण होता आणि मुकाट्याने घेणारा कोण.

असो. पुढचं ढकलपत्र येईपर्यंत रजा घेतो.