वार्धक्यातील पडझड

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ दिला आणि त्या तळाचेच पुढे 'लष्कर' नावाचे नगर झाले. जिवबादादा केरकर, लखबादादा लाड यांच्यासारख्या सरदारांमुळे शिंदेशाहीच्या इतिहासाशी आम्हा गोमंतकीयांचेही नाते जडलेले आहे. त्या लष्करात मराठी घराणी आजही नांदत आहेत. परंतु जी घरे एके काळी माणसांनी गजबजलेली असत, त्यांपैकी कित्येकांत आता एखादे वृद्ध जोडपे किंवा एकटी आजी उरली आहे. मुले पुण्याला, बंगळूरला किंवा साता समुद्रांपलीकडे. घराचा जिना मात्र तोच, उंच पायऱ्यांचा आणि अंधारा. पूर्वी आजी उठली की हात द्यावयास एखादे नातवंड जवळ असे. आज भिंत चाचपीतच न्हाणीघर गाठावे लागते. ग्वाल्हेरचे हे चित्र वाचताना आमच्या वाचकांना आपल्याच वाड्यावरचे एखादे घर आठवले, तर त्यात नवल नाही.

वृद्ध माणसाचे पडणे हा आपल्याकडे दोन दिवसांच्या हळहळीचा विषय मानला जातो. 'वय झाले, चालायचेच' असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुस्थिती याहून गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत सर्वाधिक भरणा साठी उलटलेल्यांचा असतो. हे मृत्यू बहुतांशी आपल्यासारख्या अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतच घडतात. २०११ च्या जनगणनेत देशातील वृद्धांचे प्रमाण ८.६ टक्के होते, तर गोव्यात ते ११.२ टक्के होते. तेव्हा ग्वाल्हेरपेक्षाही हा प्रश्न आमच्या दाराशी अधिक जवळ येऊन ठेपला आहे.

पडण्यामागे कारणे असतात आणि त्यांपैकी पुष्कळशी दूर करता येतात. मांड्यांतील बळ घटते, मोतीबिंदूने पायरी दिसेनाशी होते, मधुमेहाने तळपाय बधिर होतात. अंथरुणातून झटकन उठताच रक्तदाब खाली येऊन डोळ्यांपुढे अंधारी येते. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्या तोल आणखी बिघडवितात. ग्वाल्हेरच्या कडाक्याच्या थंडीत पहाटे रजईतून उठून लघवीला जाणे जसे धोक्याचे, तसेच तेथील उन्हाळ्यात अंगातील पाणी आटून भोवळ येणेही धोक्याचे. आमच्याकडे पावसाळ्यात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरते, अंगण निसरडे होते आणि नव्या घरांतील गुळगुळीत लाद्या ओल्या झाल्या की तरुणाचाही पाय घसरतो. त्यात एकादशीचा निर्जळी उपास आणि त्याच दिवशी नेहमीच्या गोळ्या, असा योग आला की तोल जाण्यास निमित्तच हवे असते. उपासाला आमची हरकत नाही. पण तो करण्यापूर्वी औषधांविषयी डॉक्टरांना विचारून घेण्यात देवाचा काहीच अवमान होत नाही.

याहून वाईट गोष्ट म्हणजे मौन. पडल्याचे वृद्ध माणसे सांगत नाहीत. सांगितले तर फिरणे बंद होईल, देवळात जाऊ देणार नाहीत, ही धास्ती त्यांच्या मनात असते. ती धास्ती अनाठायी आहे असे आम्हांस म्हणवत नाही. 'आता एका जागी बसून राहा' हा आमच्या घरांतील ठरलेला उपदेश असतो. तो मायेपोटी केला जातो, पण घात करतो. बसून राहिलेल्या माणसाचे पाय आणखी दुबळे होतात आणि पुढचे पडणे जवळ येते. याउलट, २०१९ साली जगभरच्या १०८ चाचण्यांचा जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात तोल व पायांचे बळ वाढविणाऱ्या व्यायामाने पडण्याचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटते असे दिसून आले. खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे आणि ओट्याला धरून एका पायावर उभे राहणे, एवढ्यापासून आरंभ करता येतो. त्याला पैसा लागत नाही. शेजारी कोणी तरी उभे राहावे लागते.

आणि पडल्यावर काय करावे? चार जणांनी धावून बगलेत हात घालून उचलणे ही आपली रीत सोडून दिली पाहिजे. आधी कोठे दुखते ते विचारावे. पाय आखूड व बाहेर वळलेला दिसला, किंवा खुब्यात असह्य कळ असेल, तर हलवू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर माणूस वरकरणी ठीक दिसला तरी इस्पितळात न्यावे. खुब्याचे हाड मोडले असता शस्त्रक्रियेस दिरंगाई करणे आणि 'या वयात चिरफाड नको' म्हणून महिनोन्महिने खाटेवर ठेवणे, म्हणजे न्यूमोनियाला व पाठीवरच्या जखमांना आमंत्रण देणे होय.

सरकारनेही आपले कर्तव्य ओळखावयास हवे. २०२४ पासून सत्तरी गाठलेल्या सर्वांसाठी आयुष्मान भारत योजनेत कुटुंबागणिक वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांची सोय झाली. तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु हाड मोडल्यावर लाखो रुपये देणाऱ्या व्यवस्थेला, ते मोडू नये म्हणून चार पैसे खर्चावेसे वाटू नयेत काय? वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. त्याखाली जिल्हा इस्पितळांत 'गेल्या वर्षात पडलात काय?' हा प्रश्न प्रत्येक वृद्धाला विचारला जावा, त्याच्या सगळ्या गोळ्या एकदा तपासल्या जाव्यात. नगरपालिकांनी पदपथावरील उखडलेल्या लाद्या बसवाव्यात आणि देवस्थान समित्यांनी तळीच्या पायऱ्यांना कठडा व ओल्या प्रांगणात खरबरीत पट्टा घालावा.

तथापि सरकारची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. चवथीला परगावची मुले घरी येतात, घराला रंग लागतो, माटोळीची चौकट ठोकली जाते. त्याच दोन दिवसांत न्हाणीच्या भिंतीला एक भक्कम दांडी, खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्रभर जळणारा एक मंद दिवा आणि उंबरठ्यावर पांढऱ्या रंगाची एक ठळक रेघ, एवढे अवश्य व्हावे. ज्यांनी आपले पहिले पाऊल सावरले, त्यांचे पाऊल सावरण्याची पाळी आता आपली आहे.