विश्लेषण : सापाची पिल्ले घरी का दगावतात? ती पाळता येतात का? अंडी सापडल्यास काय करावे?

भंडारा जिल्ह्यात रोवणीची लगबग सुरू झाली की एक प्रसंग हमखास घडतो. तणसीचा ढीग हलवताना, शेणखताचा खड्डा उपसताना किंवा जुनी मातीची भिंत पाडताना पांढऱ्या, मऊ कवचाच्या अंड्यांचा पुंजका हाती लागतो. कुणी त्यावर फावडे घालतो. कुणी मोबाइलवरचा व्हिडीओ पाहून ती अंडी रेती भरलेल्या प्लास्टिकच्या डब्यात ठेवतो आणि पिल्ले निघण्याची वाट पाहतो. पहिल्या प्रकारात पिल्ले मरतात हे उघडच आहे. दुसऱ्या प्रकारातही अनेकदा तेच होते. शिवाय घरातल्यांचा जीव धोक्यात येतो आणि वन्यजीव कायद्याखाली गुन्हाही दाखल होऊ शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

पिल्ले याच दिवसांत का दिसतात?

नाग साधारण एप्रिल ते जुलै या काळात अंडी घालतो आणि सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. धामण आणि दिवड हेही अंडी घालणारे साप. घोणस मात्र अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते आणि एका वेळी २० ते ४० पिल्ले होऊ शकतात. पावसाळ्यात बेडूक, सरडे आणि किडे मुबलक असतात. त्यामुळे नवजात पिल्लांना पहिले भक्ष्य सहज मिळते. तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्यांचा हा जिल्हा असल्याने साप आणि माणूस यांची गाठ इथे वारंवार पडते. तणसीचा ढीग किंवा शेणखताचा खड्डा उबदार आणि ओलसर असतो. अंडी उबण्यासाठी मादीला नेमकी तशीच जागा हवी असते.

कायदा काय सांगतो?

भारतातील कोणताही स्थानिक साप पाळता येत नाही, मग तो विषारी असो वा बिनविषारी. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येत प्राण्याला पकडणे येतेच, शिवाय सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी फोडणे किंवा अंडी व घरटी विस्कटणे हेही येते. या कायद्यात २०२२ मध्ये झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. अजगर, नाग, घोणस, धामण हे साप आता पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ आणि कमाल ७ वर्षे तुरुंगवास आणि किमान २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. ‘पिल्लू वाचवायला घरी आणले होते’ एवढे सांगून सुटका होईल, या भरवशावर राहू नये.

घरी ठेवलेली अंडी का नासतात?

सर्वात मोठे कारण म्हणजे अंडी उलटणे. कोंबडी अंडी फिरवते, म्हणून सापाचीही फिरवावीत असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात सापाच्या अंड्यातील गर्भ सुरुवातीच्या काळातच कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले तर गर्भ दगावू शकतो. शेतातून पिशवीत भरून आणलेली अंडी कितीदा उलटली, हे कुणालाच सांगता येत नाही.

दुसरे कारण ओलाव्याचे. मऊ कवचातून अंडे हवेतील ओल शोषते आणि सोडतेही. कोरड्या रेतीत अंडी सुरकुततात, तर चिखलासारख्या ओल्या मातीत त्यांना बुरशी लागते. तिसरे कारण उष्णता. पत्र्याच्या छपराखाली किंवा उन्हात ठेवलेल्या झाकणबंद डब्याचे तापमान थोड्याच वेळात घातक पातळीवर जाते. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून, अंगाचे स्नायू आखडून ऊब राखते. ते काम पिवळ्या बल्बला जमत नाही.

जन्मलेली पिल्ले का मरतात?

अंड्याला चीर पाडल्यावर पिल्लू लगेच बाहेर येत नाही. ते एक-दोन दिवस आतच राहून उरलेला बलक पोटात शोषून घेते. ‘अडकले आहे’ असे समजून त्याला ओढून काढले तर बलकाची पिशवी फाटते आणि पिल्लू मरते. बाहेर आल्यावर साधारण आठ-दहा दिवसांनी ते पहिली कात टाकते. तोवर त्याचा उदरनिर्वाह त्या बलकावरच चालतो.

याच काळात दूध पाजणे, तोंड उघडून मांसाचे तुकडे कोंबणे असे प्रकार होतात. दूध हे सापाचे अन्नच नाही. दूध पाजण्याच्या प्रयत्नात ते श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसाचा दाह होऊ शकतो. पाणी न मिळाल्याने शरीर कोरडे पडणे, कात अंगावरच अडकून राहणे, सतत हाताळल्याने खाल्लेले उलटून टाकणे, हीदेखील मृत्यूची कारणे आहेत. शिवाय मण्यार आणि नाग इतर सापांनाही खातात. म्हणून वेगवेगळी पिल्ले एकाच बरणीत ठेवणे म्हणजे त्यांना एकमेकांचे भक्ष्य करणे.

पिल्लाचे विष कमी असते का?

नाग, मण्यार आणि घोणस यांची पिल्ले जन्मतःच विषारी असतात. विषाचे प्रमाण मोठ्या सापापेक्षा कमी असले तरी ते जीवघेणे ठरू शकते. बिनविषारी कवड्या आणि अतिविषारी मण्यार यांची पिल्ले तर भल्याभल्यांना चकवतात. मण्यारच्या दंशाला बरेचदा फारशी वेदना किंवा सूज नसते, त्यामुळे उपचाराला उशीर होतो. दंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला शांत ठेवून, हातपाय न हलवता, १०८ रुग्णवाहिकेने प्रतिसर्पविष उपलब्ध असलेल्या रुग्णालयात न्यावे. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. दुरून फोटो मिळाला तर ठीक, नाही तर उपचार लक्षणांवरून होतात.

मग सर्पमित्र अंडी कशी उबवतात?

मूळ जागी अंडी ठेवणे अशक्य असेल, उदाहरणार्थ भिंत पाडली गेली असेल, तेव्हाच हा मार्ग घ्यायचा असतो आणि तोही वन विभागाला कळवून, त्यांच्या परवानगीने. प्रत्येक अंड्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने खूण केली जाते आणि ती बाजू शेवटपर्यंत वरच ठेवली जाते. चिकटलेली अंडी वेगळी करत नाहीत. मुठीत दाबल्यावर पाणी ठिबकणार नाही इतपत ओला नारळाचा भुसा वापरतात आणि तापमान २८ ते ३० अंशांच्या आसपास राखतात. पिल्ले निघाली की त्यांना खाऊ घालण्याच्या भानगडीत न पडता, अंडी सापडली त्या परिसराजवळच्या सुरक्षित अधिवासात लवकर सोडतात. या साऱ्याचा उद्देश पिल्लू निसर्गात परत पाठवणे हाच असतो.

परदेशी साप पाळता येतात का?

बॉल पायथन, कॉर्न स्नेक यांसारख्या सापांचे आकर्षण शहरांतून आता लहान गावांतही पोहोचले आहे. बॉल पायथन हा साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. असा प्राणी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करणे फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनी बंधनकारक केले आहे. पिल्लांचा जन्म आणि प्राण्याचे हस्तांतरही कळवावे लागते. कागदपत्रांविना समाजमाध्यमांवर विकला जाणारा साप तस्करीतून आलेला असू शकतो. डिसेंबर २०२३ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशाकडून बिस्किटे व केकच्या पाकिटांत लपवलेले ९ बॉल पायथन आणि २ कॉर्न स्नेक जप्त केले होते. अशा प्रवासात उपाशी, कोरडे पडलेले पिल्लू विकत घेतल्यावर काही दिवसांतच दगावले, तर त्यात नवल नाही.

कायदेशीर नोंद असलेल्या पिल्लाची काळजी काय?

प्रत्येक पिल्लाला स्वतंत्र, घट्ट झाकणाचा पण हवेशीर डबा हवा. तळाशी साधा कागद, लपायला जागा आणि उथळ भांड्यात रोज ताजे पाणी. डब्याची एक बाजू उबदार आणि दुसरी थंड असावी, म्हणजे पिल्लू स्वतः जागा निवडते. उष्णतेच्या पॅडला तापमान नियंत्रक नसेल तर सापाचे पोट भाजते. विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा ऊब देण्यापेक्षा खोली थंड ठेवण्याची आणि वीज गेल्यावरची सोय आधी करावी.

पहिले भक्ष्य पहिल्या कातीनंतरच द्यावे. ते सापाच्या शरीराच्या सर्वात जाड भागापेक्षा मोठे नसावे. जिवंत उंदीर सापालाच चावू शकतो. खाल्ल्यावर दोन दिवस हाताळू नये. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला जिवाणू असू शकतात, म्हणून हात साबणाने धुवावेत आणि पाच वर्षांखालील मुलांना दूर ठेवावे. पिल्लू तोंड उघडून श्वास घेत असेल किंवा वारंवार उलटी करत असेल तर घरगुती उपाय न करता पशुवैद्यक गाठावा.

अंडी किंवा पिल्ले सापडल्यास काय करावे?

हात लावू नये. उघडी पडलेली अंडी आहेत त्याच स्थितीत राहू द्यावीत आणि मुले, कुत्री, कोंबड्या यांना लांब ठेवावे. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर किंवा जवळच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात कळवावे. घोणसचे एक पिल्लू दिसले तर आसपास आणखी असू शकतात. म्हणून तणस उचलताना काठीने हलवून पाहावे, बूट घालावेत आणि रात्री टॉर्चशिवाय बाहेर पडू नये.

निसर्गातही सापाची बहुतेक पिल्ले मोठी होत नाहीत. बगळे, मुंगूस, घारी आणि इतर साप त्यांना खातात. जी थोडी वाचतात, त्यांतलीच एखादी धामण पुढे बांधीच्या धुऱ्यावरच्या बिळात शिरून धान पोखरणारे उंदीर संपवते. तिला घरच्या डब्यात जागा नाही. तिची जागा त्या धुऱ्यावर आहे.