उंदीर धीट झालाय का?

कऱ्हाडच्या एका भगिनीचं पत्र आलंय. त्या लिहितात, "स्वयंपाकघरात उंदीर झालाय. पूर्वी दिवा लावला की पळायचा. आता मी पोळ्या लाटत असतानासुद्धा ओट्याखालून निवांत जातो. परवा तर चक्क अंगावर धावून आला! हे म्हणतात, विषाची पेस्ट आणतो. पण घरात दीड वर्षाचा मुलगा आहे. काय करू?"

ताई, पेस्ट आणू नका. का ते सांगतेच, पण आधी त्या उंदराचं बघू.

मैत्रिणींनो, खरं म्हणजे उंदीर धीट होत नाही, तो आपल्याला सरावतो. माणसाच्या घरात राहायची त्याची सवय फार जुनी. पश्चिम आशियात माणसं एका जागी वस्ती करून राहू लागली, तेव्हापासून, म्हणजे शेतीच्याही आधी, सुमारे १५ हजार वर्षांपूर्वीपासून तो घरात असल्याच्या खुणा सापडल्यात. मग आपलं वेळापत्रक त्याला पाठ असणारच! शेवटचं भांडं वाजलं, दिवा मालवला, की त्याचा दिवस सुरू. कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही हे आवाज रोज होतात आणि त्यातून आपल्याला काही अपाय होत नाही, हे एकदा कळलं की तो त्यांना भीत नाही. प्लगला लावायची ती यंत्रं बाजारात मिळतात ना, आपल्याला ऐकू न येणारा आवाज करणारी? तसले बारीक आवाज उंदराला ऐकू येतात हे खरं. त्याची पिल्लंसुद्धा तशाच आवाजात आईला हाक मारतात. पण थोड्याच दिवसांत तो त्या यंत्रालाही सरावतो. पैसे वाया घालवू नका.

आता 'अंगावर धावून आला' याबद्दल. उंदराची नजर अधू असते. तो मिशांच्या आधाराने, भिंतीला अंग घासत, ठरलेल्या वाटेनेच पळतो. तुम्ही नेमक्या त्याच्या आणि बिळाच्या मध्ये उभ्या असणार. बिचारा घरी चालला होता!

मात्र उंदीर भरदिवसा दिसू लागला, तर एकच आहे असं समजू नका. मादी तीन आठवड्यांत विते, एका खेपेला पाच ते आठ पिल्लं होतात, आणि दीड-दोन महिन्यांत त्या पिल्लांनाही पिल्लं होऊ शकतात.

आधी लेंड्या बघा. तांदळाच्या दाण्याएवढ्या असतील तर घरातला लहान उंदीर. अर्ध्या इंचाच्या वर असतील तर मोठा उंदीर. उग्र वास आणि लांब सोंड असेल तर ती चिचुंद्री. ती झुरळं-किडे खाते, तिला धान्याच्या डब्याचं काही पडलेलं नसतं.

हा भेद करण्याचं कारण आहे. लहान उंदीर चौकस. घरात नवीन वस्तू आली की लगेच हुंगायला जातो, त्यामुळे पिंजरा पहिल्या एक-दोन रात्रींतच लागतो. मोठा उंदीर संशयी, नव्या वस्तूपासून लांब राहतो. त्याच्यासाठी पिंजरा तीन-चार दिवस उघडाच ठेवा, भजं आत ठेवून खाऊ द्या, आणि मग चाप लावा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी हौसेने स्वयंपाकघराच्या मधोमध पिंजरा मांडला होता. आठ दिवस झाले, भजं वाळून दगड झालं, उंदीर काही येईना. सासूबाईंनी एक शब्द न बोलता पिंजरा उचलला आणि कोठीमागे, भिंतीला लागून ठेवला. सकाळी उंदीर आत!

पकडण्यापेक्षा वाट बंद करणं महत्त्वाचं. जिथे पेन्सिल जाते, तिथून लहान उंदीर जातो. मोरीची जाळी, गॅसच्या नळीचं भोक, दाराखालची फट बघून घ्या. नुसतं कापड कोंबलं तर तो कुरतडतो. भोकात तारेची घासणी गच्च बसवून वर सिमेंट लावा. तो दिवसाला जेमतेम तीन-चार ग्रॅम खातो, पण दहा ठिकाणी तोंड घालून. म्हणून धान्य पत्र्याच्या डब्यात ठेवा, रात्री ओटा कोरडा करा, आणि देवापुढच्या तुपाच्या वाती विसरू नका, त्या त्याच्या फार आवडीच्या. लेंड्या कोरड्या झाडू नका. फिनेलच्या पाण्याने भिजवून फडक्याने पुसा आणि हात साबणाने धुवा. उंदराच्या मुतातून लेप्टोचा ताप पसरतो, पावसाळ्यात तर जास्तच.

आता पेस्टचं. पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट टोमॅटोच्या फोडीवर किंवा पावावर लावून कोपऱ्यात ठेवतात. उंदराची वाट भिंतीलगत, आणि रांगणाऱ्या मुलाचीही तीच! ते विष पोटात गेलं, तर पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस मूल बरं झाल्यासारखं दिसतं, आणि त्यानंतर यकृत निकामी होऊ लागतं. त्यावर उतारा नाही. म्हणून कुणाच्या घरी असं घडलंच, तर 'आता खेळतोय की' म्हणून थांबू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायच्या भानगडीत पडू नका. पेस्टची नळी बरोबर घेऊन त्याच मिनिटाला मोठं इस्पितळ गाठा. आधीच आणून माळ्यावर ठेवलेली पेस्ट असेल, तर मुलाच्या हाताला लागणार नाही अशा कुलपात टाका.

तर ताई, पिंजरा आज रात्री ओट्याखाली भिंतीला टेकवून लावा, तोंड वाटेच्या दिशेला. रविवारी 'ह्यां'ना तारेच्या घासण्या आणि थोडं सिमेंट आणायला सांगा. आधी उंदीर पकडा, मग भोकं बुजवा, नाहीतर तो आतच अडकायचा. आणि किती निघाले ते मला कळवा.