सुट्टीच्या दिवशी चढणारा दर
भिलाईची मैत्री बाग पोलाद कारखान्यानं 1972 साली भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून उभारली. कंत्राटी कामगार असलेले माझे वडील आम्हाला तिथं न्यायचे. तिकीट त्यांच्या खिशाला झेपायचं.

परवा आई-वडिलांना थीम पार्कच्या रिसॉर्टवर न्यायचं ठरवलं. तंबूतल्या एका रात्रीचा दर रविवारी जवळपास दुप्पट! वडील म्हणाले, "राहू दे, बाळा." मजुराला सुट्टी मिळते, नेमका त्याच दिवशी दर चढतो.

फाटकावर कुणी जात विचारत नाही, खरं. पण पैसा पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या घरी साठला, हे जातीनंच ठरवलं. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी सार्वजनिक तळ्यावरचा हक्क बजावला. विरंगुळाही हक्कच आहे. मित्रांनो, उद्या आपल्याला रिसॉर्ट परवडलं, तरी सार्वजनिक बागा स्वस्त राहाव्यात म्हणून आपणच बोलायला हवं.