खुत्बा वाचता, पण कुणासाठी?

पंढरपुरातल्या मुस्लिम घरांत लग्नपत्रिका बहुधा मराठीत छापतात. मंडपवाल्याशी, आचाऱ्याशी व्यवहार मराठीत होतो, घरात दखनी चालते. काझीसाहेब "कबूल है?" विचारतात तेही अरबीत नसते. म्हणजे ज्या शब्दांनी निकाह बांधला जातो ते ईजाब-कबूल आपण आपल्या तोंडच्या भाषेत करतो आणि त्यावर कुणाची हरकत नसते. मग ज्यात नसीहत आहे, तो खुत्बाच तेवढा मंडपात कुणाला कळू नये, हा आग्रह कशासाठी?

हनफी मताप्रमाणे ईजाब-कबूल आणि गवाह यांनी निकाह पुरा होतो. खुत्बा सुन्नत आहे, तो राहिला म्हणून निकाह मोडत नाही. नसीहत ऐकणाऱ्यासाठी असते. आपल्याकडे ती चालू असताना नवरदेव सेहरा सावरत असतो, पोरे खारका कधी वाटतात याची वाट बघत असतात. आणि दुल्हन? ती आतल्या खोलीत. वकील आणि गवाह येतात, ती मान हलवते, सही करते आणि ते परत जातात. खुत्बा पुरुषांच्या बाजूला होतो. जिच्या आयुष्याचा करार, तिच्या कानावर स्पीकरचा आवाज पडला तर पडतो.

वाचतात काय? खुत्ब्यात रूढ असलेल्या आयती सूरह निसाची पहिली, आले इम्रानमधली १०२वी आणि अहजाबमधल्या ७० व ७१. त्यांत अल्लाहचे भय बाळगा, नाती तोडू नका, सरळ आणि खरे बोला, अशी ताकीद आहे. निसाची आयत तर स्त्री-पुरुष एकाच जिवापासून झाले इथून सुरू होते. मराठीत एकदा ऐकली तरी बैठकीतले चार जण चुळबुळतील.

पण नवरा-बायकोच्या नात्याबद्दल कुराणात याहून थेट बोललेले आहे. सूरह रूमची २१वी आयत जोडीदारांतल्या प्रेमाला आणि दयेला अल्लाहची निशाणी म्हणते. बकराच्या १८७व्या आयतीत दोघे एकमेकांचा पोशाख आहेत. निसाची चौथी आयत मेहर खुशीने द्या म्हणते. विसावी आणि एकविसावी सांगतात की बायकोला ढीगभर दिले असले तरी त्यातले परत घेऊ नका, कारण तिने तुमच्याकडून पक्के वचन घेतले आहे. या आयती निवडून मराठीत का वाचत नाही?

माझ्या मते अडचण भाषेची नाहीच. बाहेर मुलीच्या बापाने दिलेली मोटारसायकल फुले लावून उभी आहे, फ्रिज आणि कपाट टेम्पोत चढते आहे, आणि आत मेहर ७८६ रुपये, तोही उधार. अशा मंडपात निसाची चौथी आयत सगळ्यांना कळेल अशा भाषेत कोण वाचणार? १९६१च्या हुंडाबंदी कायद्याने मेहरला हुंड्याच्या व्याख्येतून वगळले, कारण मेहर मुलीचा हक्क आहे. आपण हक्क नावापुरता ठेवला आणि हुंड्याला जहेज हे गोड नाव दिले. अरबी न कळणे इथे सगळ्यांच्याच सोयीचे आहे.

अरबीची बरकत जाईल, असे म्हणणाऱ्यांनी शांतपणे ऐकावे. अरबी खुत्बा पुरा होऊ द्या. त्यानंतर पाच मिनिटे मराठी, एवढीच मागणी आहे. काझीसाहेब उर्दूत समजावतात, हे खरे. पण जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलेल्या मुलामुलींना ती भारदस्त उर्दू अरबीइतकीच लांबची. (एका दिवसात तीन निकाह लावायचे असले की काझीसाहेबांनाही समजावायला फुरसत नसते.)

हे गाव तरी असे आहे की धर्माची गोष्ट मराठीत ऐकायची सवय त्याने महाराष्ट्राला लावली. त्या परंपरेत आपलेही लोक आहेत. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीतच लिहिला. आपल्याच जिल्ह्यात, सोलापुरात, १९९० साली पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक लग्ने सुरू केली, तेव्हा वधूवरांनी एकमेकांना कळेल अशा मराठीत वचने द्यावीत अशी मंगलाष्टके रचली, त्यांत वधू स्त्रियांच्या हक्काचे वचन मागते. पुरोहितांनी त्यावर कोर्टकज्जे केले. आपल्याला तर तेवढेही सोसायचे नाही, कारण निकाहात पुरोहित लागतच नाही.

म्हणून लग्न ठरले की जहेजची यादी करण्याआधी दोन्ही घरांनी आयतींची यादी करावी. मुलामुलीने मराठी भाषांतर उघडून स्वतः निवडाव्यात. वाचायला मुलीची शिक्षिका, बहीण, मावशी, कुणीही चालेल. दुल्हनला ऐकू येईल तिथे माइक लावावा. मेहरचा आकडा, रोख की उधार, हेही त्याच माइकवर मराठीत सांगावे. समोर बसलेले शेजारीपाजारी, वारकरी मित्रही ऐकतील. ऐकू द्या.