मस्तकाचें तेल : गेलें तें आणि राखावयाचें तें

दिवाळीच्या आधींचा महिना आला कीं घरोघर सामानाची यादी होऊं लागते. उटणें, साबण, अत्तर, पणत्या, फराळाचें साहित्य या सर्वांस त्या यादींत मानाचें स्थान मिळतें. स्त्रियांच्या केशसंभारासाठीं काय आणावें याचीही चर्चा होते, आणि ती व्हावी हें योग्यच आहे. परंतु घरांतील पुरुषांनीं डोक्यास काय लावावें हा प्रश्न मात्र ‘असेल तें’ एवढ्यांतच निकालांत निघतो. आजोबांस जें तेल हवें असतें तें बाजारांत मिळेनासें झालेलें असतें. कर्त्या पुरुषास तेल लावण्यास सवड नसते. आणि कॉलेजांत जाणारा नातू तेलाच्या नांवानें नाक मुरडून कसलासा चिकट लेप केसांस फांसतो. न्हाणीघराच्या एकाच फळीवर तीन पिढ्यांचीं तीन मतें उभीं असतात. विषय क्षुल्लक दिसला तरी त्यांत घराचें कांहीं गुंतलेलें आहे, म्हणून या महिन्यांत त्यावर चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘तैल’ हा शब्दच मुळीं ‘तिल’ शब्दापासून निघाला. तिळाचें जें तें तैल. पुढें तो शब्द इतर बियांच्या स्नेहांसही लागूं लागला, आणि आज आपण ‘खोबऱ्याचें तेल’ म्हणतों तेव्हां व्युत्पत्तीच्या दृष्टीनें विसंगतच बोलत असतों. पण रूढी व्याकरणाहून बलवान हें वैयाकरणांनाही मान्य आहे. चरकानें सर्व तेलांमध्यें तिळाच्या तेलास श्रेष्ठ मानिलें. वाग्भटानें अष्टांगहृदयांत दिनचर्या सांगतांना अभ्यंग नित्य करावा असें म्हटलें असून मस्तक, कान व पाय या तीन ठिकाणीं तो विशेष करून करावा असें सुचविलें आहे. मस्तकावर तेल वापरण्याचे त्यानें चार प्रकार सांगितले: अभ्यंग, सेक, पिचु आणि बस्ति. म्हणजे चोळणें, धार धरणें, तेलांत भिजविलेला कापूस ठेवणें आणि टोपीसारख्या वेष्टनांत तेल धरून ठेवणें. कफाचा विकार, अजीर्ण किंवा नुकतें झालेलें शोधन असतां अभ्यंग करूं नये, ही मर्यादाही त्यानेंच घातली. तेल लावण्यास कांहीं वार निषिद्ध मानणाऱ्या धर्मशास्त्रकारांनींही सुवासिक फुलांच्या किंवा औषधांनीं सिद्ध केलेल्या तेलास तो दोष लागत नाहीं अशी सवलत ठेविली. शास्त्रकार संसारी माणसें होतीं, हें अशा ठिकाणीं दिसतें.

आमच्या परभणी जिल्ह्यांत नारळ होत नाहीं. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या कांठची काळी जमीन तीळ, करडई, जवस व भुईमूग देते. करडईस संस्कृतांत कुसुंभ म्हणतात, आणि परभणीच्या कृषि विद्यापीठानें काढिलेल्या करडईच्या एका वाणाचें नांवही ‘परभणी कुसुम’ असेंच आहे. लाकडी घाण्याचें तेल हें या मुलखाचें मूळचें तेल. खोबरेल तेल कोंकण-केरळाकडचें. तें आमच्याकडे बाहेरून आलें, आणि येथील थंडीशीं त्याचें फारसें जमलें नाहीं. सुमारें 24 अंशांखालीं तें थिजतें. म्हणून मार्गशीर्ष-पौषांत तेलाचा डबा सकाळच्या उन्हांत किंवा चुलीच्या कडेस ठेवण्याचें काम घरांतील एखाद्या लहान मुलाकडे असे.

तेलाच्या इतिहासांतील खरी क्रांति मात्र बाजारानें केली नाहीं. ती न्हाव्याच्या वस्तऱ्यानें केली. जोंवर ब्राह्मणाच्या घरीं घेरा व शेंडी होती, तोंवर तेल हें डोक्यासाठीं असे. चोळणाऱ्याची बोटें थेट टाळूस लागत आणि तेल तेथें जिरे. केस राखण्याची चाल आली, भांग पडूं लागला, आणि पुरुषाची गरज पालटली. आतां त्याला केस बसवावयाचे होते, ते चमकावयास हवे होते, सायंकाळपर्यंत हलतां कामा नयेत असे हवे होते. तेल पूर्वीं पोषणासाठीं होतें, तें ठेवणीसाठीं झालें. पोमेड, ब्रिलियंटाईन आणि पुढचीं सर्व पुरुषी केशद्रव्यें याच एका गरजेचीं अपत्यें होत.

विलायतेंत हा रोग आपल्याही आधीं लागला होता. तेथें रोलंड नांवाच्या व्यापाऱ्याचें ‘मॅकेसर तेल’ एकोणिसाव्या शतकांत इतकें खपलें कीं, खुर्च्यांच्या पाठी तेलकट होऊं नयेत म्हणून त्यांवर विणलेले रुमाल घालण्याची चाल पडली, आणि त्या रुमालासही तेलाचेंच नांव मिळालें. आपल्या दिवाणखान्यांतील आरामखुर्चीवर क्रोशाचा जो रुमाल असे, त्याचा हा पूर्वज. 1928 सालीं बर्मिंगहॅम येथें ब्रिलक्रीम निघालें. खनिज तेल, पाणी आणि मधमाश्यांचें मेण यांचें तें घुसळलेलें मिश्रण असून दुसऱ्या महायुद्धांत ब्रिटिश वैमानिकांस त्यावरून टोपणनांवच पडलें होतें.

आपल्या देशांतील व्यापारीही मागें नव्हते. कलकत्त्याचे हेमेंद्रमोहन बोस यांनीं ‘कुंतलीन’ नांवाचें केशतैल काढिलें आणि 1896 सालीं त्या नांवानें कथास्पर्धा सुरू केली. पहिल्याच वर्षीं पारितोषिक मिळालें तें जगदीशचंद्र बोस यांच्या कथेस. तींत समुद्रावर उठलेलें वादळ तेलाची बाटली लाटांवर ओतल्यानें शमतें! 1903 सालीं तेंच पारितोषिक शरच्चंद्र चट्टोपाध्यायांच्या कथेस मिळालें. बोस 1916 सालीं वारले. कुंतलीन आज कोठें मिळत नाहीं, त्या कथा मात्र अद्याप वाचल्या जातात. मराठी मासिकांच्या जुन्या अंकांतही कामिनिया तेल, ओटो दिलबहार अत्तर, रामतीर्थ ब्राह्मी तेल यांच्या जाहिराती महिनोन् महिने झळकत. ज्यांच्या घरीं जुन्या मासिकांचे बांधीव खंड असतील त्यांनीं ते एकदां उघडून पाहावे. लेखांइतकाच काळ त्या जाहिरातींतूनही बोलतो.

हीं द्रव्यें बंद कां पडतात? वस्तु वाईट म्हणून ती बंद पडते असें क्वचितच घडतें. 1917 सालीं स्थापन झालेली टाटा ऑईल मिल्स ही खोबऱ्याच्या मुलखांत, कोचीनजवळ उभी राहिलेली स्वदेशी कंपनी. 1993 सालीं ती हिंदुस्थान लिव्हरमध्यें विलीन करण्याचें ठरलें. तिचा हमाम साबण टिकला; पण अशा विलीनीकरणांत ज्या वस्तूचा खप लहान, तिला नव्या घरांत खोली मिळत नाहीं. कधीं वेष्टनच पालटतें. पॅराशूट खोबरेल तेल पूर्वीं पत्र्याच्या डब्यांत येई. 1980 नंतर तें प्लास्टिकच्या बाटलींत भरण्याचें ठरलें, तेव्हां दुकानदार राजी होईनात, कारण पूर्वीं कोणी काढिलेल्या चौकोनी बाटल्या उंदरांनीं कुरतडल्या होत्या. अखेर उंदरास दांत रोवतां येऊं नये म्हणून बाटली गोल करण्यांत आली! आणि कधीं रुचि पालटते. त्याच सुमारास शांपूच्या लहान पुड्या खेडोपाडीं पोहोंचल्या आणि तेलकट केस हें गांवढळपणाचें लक्षण ठरलें. गंमत अशी कीं, शांपू हा शब्दच आपला. हिंदींतील चांपण्याचा, म्हणजे डोकें व अंग चेपण्याचा तो शब्द; पाटण्याच्या शेख दीन महंमदानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील ब्रायटन येथें चंपीचें स्नानगृह चालविलें, तेव्हां तो तेथें रुजला. हाताची क्रिया म्हणून गेला आणि बाटलींतला फेंस होऊन परत आला.

आम्ही स्वतः ज्या सुगंधी तेलास पंचवीस वर्षें जडलों होतों तें असेंच एके दिवशीं दिसेनासें झालें. परभणीच्या दुकानदारानें आधीं ‘पुढच्या आठवड्यांत येईल’ म्हणून सांगितलें, मग ‘माल मागून येत नाहीं’ म्हणून, आणि शेवटीं नुसती मान हलविली. त्या तेलाचें नांव आम्ही घेत नाहीं. त्यांत वाळ्याचा वास होता, आणि तो वास आमच्या घरांत आम्हीं येण्याची वर्दी देत असे, एवढेंच सांगतों. शिक्षक असतां आमचा असा अनुभव होता कीं, सकाळच्या पहिल्या तासास वर्गांत शिरलें म्हणजे मुलांच्या डोक्यांच्या वासावरून घरें ओळखूं येत: कोठें माक्याचें तेल, कोठें करडईचें, कोठें नुसतें खोबरेल. आज वर्गांत सर्व डोक्यांस एकच वास येतो, किंवा येतच नाहीं.

परंतु बाजारांतील तेलासाठीं आम्ही फार हळहळावें असें आम्हांस वाटत नाहीं. जें विकत आणिलें तें विकणाऱ्याच्या मर्जीनें जाणार. दुःख करावयाचें असेल तर तें दुसऱ्या एका गोष्टीचें करावें. आमच्या परिचयाच्या एका घरांत दर वर्षीं श्रावणांत माका भरपूर उगवला म्हणजे तेल निघे. घरच्या वृद्ध बाई लोखंडी कढईशीं बसत, आणि वर्षभराचें तेल बरण्यांत भरून ठेवीत. घरांतील सर्व पुरुषांच्या डोक्यांस तेंच तेल. बाई वारल्या त्या वर्षीं बरण्यांत तेल होतें. पुढच्या वर्षीं धाकट्या सूनबाईंनीं कढई काढिली. माका किती, तेल किती, उतरावयाचें केव्हां, हें सांगणारें घरांत कोणीही नव्हतें. ज्यांच्या डोक्यांस तें तेल चाळीस वर्षें लागलें त्या पुरुषांपैकीं एकानेही तें कसें होतें हें कधीं विचारलें नव्हतें. कढई माळ्यावर गेली. कोणती कंपनी बुडाली नाहीं, कोणताही व्यापारी दोषी नाहीं. आणि तरीही एक तेल जगांतून कायमचें नाहींसें झालें.

म्हणून कृति येथें देतों. शास्त्राचा सामान्य नियम असा कीं कल्क एक भाग, तेल चार भाग आणि पाणी सोळा भाग. म्हणजे माक्याचा वाटलेला गोळा 100 ग्रॅम घेतला तर तिळाचें तेल 400 ग्रॅम आणि पाणी 1600 ग्रॅम. मोठ्या कढईंत मंद आंचेवर ठेवून वरचेवर ढवळावें; घाई केल्यास तेल उडतें, म्हणून लहान मुलांस दूर ठेवावें. पाणी आटलें कीं नाहीं हें ओळखण्याच्या खुणा तीन: कल्क बोटांत घोळतां त्याची वात वळते, ती वात विस्तवावर धरली असतां तडतडत नाहीं, आणि तेलावर फेंस येतो. तुपाचें उलट असतें. सिद्ध झालें कीं त्याचा फेंस विरतो. पाणी राहिल्यास तेल लवकर खवटतें, म्हणून या खुणा पाहिल्याविना उतरूं नये. कोमट असतां गाळावें आणि कोरड्या कांचेच्या बरणींत भरावें. वाळा, नागरमोथा किंवा कापूरकाचरी ज्यास रुचेल त्यानें घालावी.

विकतचेंच घेणें असेल तर वेष्टनावरील चित्र न पाहतां घटकांची बारीक यादी पाहावी. पुष्कळ ‘आवळा’ व ‘बदाम’ तेलांत मोठा भाग खनिज तेलाचा असतो. तें चमक देतें, स्वस्त पडतें आणि खवटत नाहीं. पण केसाच्या आंत शिरत नाहीं. 2003 सालीं मुंबईच्या दोन संशोधकांनीं खोबरेल, सूर्यफुलाचें आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, तींत केसांतील प्रथिनांची झीज केवळ खोबरेलानें कमी झाल्याचें आढळलें. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनींतीलच होते, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. कोरड्या केसांस खोबरेल, थंडींत तिळाचें, आणि ज्यांस केस बसवावयाचे आहेत त्यांनीं ब्रिलक्रीमसारखें द्रव्य अल्प प्रमाणांत वापरावें. त्यांत पाप नाहीं. मात्र पिकलेला केस काळा होईल किंवा टकलावर केस उगवतील या आशेनें कोणतेंही तेल घेऊं नये. औषधविषयक नियमांच्या ‘जे’ परिशिष्टांत टक्कल आणि अकालीं केस पिकणें यांचा समावेश असून, ते बरे करण्याचा दावा कोणत्याही औषधानें करूं नये असें कायदाच सांगतो.

शेवटीं वाचकांस एकच विनंति. या दिवाळींत घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ वही घेऊन बसावें आणि तुमच्या घरचें तेल कसें होतें हें विचारून लिहून घ्यावें: वस्तु, मापें, आंच, खुणा, सर्व कांहीं. हें काम सुनांवर किंवा मुलींवर सोंपवूं नये. ज्यांच्या डोक्यास तेल लागलें त्या पुरुषांनीं आणि मुलांनीं तें करावें. नंतर त्या नातवानेंच आजोबांच्या मस्तकास तें तेल चोळावें. त्याला स्वतःच्या केसांस आवडतें तें खुशाल लावूं द्यावें. हातास सवय झाली म्हणजे झालें. वहींत लिहिलेलें आणि हातांत उतरलेलें तेल कोणत्याही कंपनीस बंद करतां येत नाहीं.