दाढीचे तेल : थेंब मोजून

हल्ली घरोघरी दाढी आली आहे. पूर्वी दाढी ठेवायचे ते नवस बोललेले, नाहीतर कवी-चित्रकार मंडळी. आता बँकेतले, शाळेतले, दुकानातले सगळेच ठेवतात आणि पुष्कळांना ती शोभतेही. पण दाढी ह्यांची असली तरी तिचा पसारा आपल्या वाट्याला येतो. न्हाणीघराच्या फळीवर चार बाटल्या, उशीच्या अभ्र्यावर तेलाचे डाग, गडद शर्टावर कोंडा आणि वर "अगं, खाज सुटलीय, काहीतरी सांग ना" ही रोजची कुरकुर!

या विषयावर आलेल्या पत्रांपैकी दोन पत्रे आज घेत आहे.

पहिले पत्र मिरजेच्या एका भगिनीचे. त्या लिहितात, "ताई, ह्यांनी मोबाइलवर बघून दाढीचे तेल मागवले. लावले की गार वाटते म्हणून सकाळ-संध्याकाळ चोपडतात. आमची छकुली सात महिन्यांची आहे. ह्यांनी पापा घेतला की तिच्या गालावर लाल चट्टे उठतात. मी बोलले तर म्हणतात, 'झाडापाल्याचंच तर आहे, त्यानं काय होतंय?' सासूबाई म्हणतात, बापाला लेकीचा पापा घेऊ नको म्हणणारी तू कोण? मी काय करू?"

भगिनी, तुमची शंका रास्त आहे. पापा बंद करायची गरज नाही, तेल मात्र आजच बदला.

हे तेल गार का वाटते? त्यात पुदिन्याचा अर्क, म्हणजे मेंथॉल असतो. कशात कापूर, तर कशात निलगिरी तेल असते. मोठ्या माणसाला ते सुखावते, पण तान्ह्या बाळाची कातडी फार नाजूक. त्याहून महत्त्वाचे म्हणजे या तीन गोष्टींचा उग्र वास बाळाच्या नाकाशी गेला तर त्याला श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. आणि रांगते मूल बाटली तोंडाला लावायला कितीसा वेळ लागतो? कापूर आणि निलगिरी तेल पोटात गेले तर लहान मुलांना झटके येतात. तेव्हा घरात तान्हे मूल असेल तर या तिन्हींना दाढीत जागा नाही. बाटल्या कुलपात किंवा उंच कपाटात ठेवा. मुलाने चुकून प्यायलेच, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात जाण्याची भीती असते. बाटली बरोबर घेऊन तडक इस्पितळ गाठा.

चट्टे तासाभरात मावळत असतील तर तेल बंद केल्यावर थांबतील. राहिले, ओले झाले किंवा अंगभर पसरले तर मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. दाढीचे खुंट टोचूनही गाल लाल होतो, हेही ध्यानात असू द्या.

आणि सासूबाईंना सांगायचे ते असे सांगा : "आई, पापा घेऊ दे की! फक्त आधी तोंड धुऊन येऊ दे." यावर कोण नाही म्हणेल?

झाडपाल्याचे म्हणजे निरुपद्रवी नव्हे

बाटलीवर 'इसेन्शियल ऑइल' छापलेले असते, ते आपले खोबरेल किंवा तिळाचे तेल नव्हे. पाने, फुले, साल किंवा लाकूड वाफेवर ऊर्ध्वपातित करून काढलेला तो अर्क असतो. पसाभर नव्हे, पोतेभर पाल्यातून थोडासाच निघतो. म्हणजे गवती चह्याच्या दोन पाती चहात टाकणे वेगळे आणि त्याच्या तेलाचा एक थेंब गालावर चोळणे वेगळे. मिरची झाडालाच लागते, म्हणून आपण ती डोळ्याला लावत नाही!

हा धंदा आपल्याला नवा नाही. खानदेशात रोशा गवताचे तेल काढण्याचा उद्योग जुना आहे. त्या तेलाला गुलाबासारखा गोड वास असतो. म्हैसूरला चंदन तेलाचा सरकारी कारखाना १९१६ साली निघाला. कनौजचे अत्तर तर पूर्वीपासून प्रसिद्धच. आजोबांच्या पिढीतही अत्तर होते, पण ते फायाला लावून कानात ठेवत. तळहातावर ओतून तोंडाला फासत नसत. त्यातले शहाणपण घ्यावे.

घरी करायचे तेल

बाजारच्या महागड्या बाटलीत असते तरी काय? बहुतेक भाग साधे तेल आणि वर वासाचे काही थेंब. हे घरी सहज जमते.

साधे तेल ३० मिली घ्या. खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर मिलीच्या खुणा असतात, ते झाकण धुऊन कोरडे करून मापाला वापरा. तेल कोणते? कोरड्या कातडीला तिळाचे किंवा बदामाचे चांगले. होहोबाचे तेल मिळाले तर उत्तम, ते तेलकट वाटत नाही. खोबरेल आपल्या घरचे, पण ज्यांना मुरुमे येतात त्यांनी ते चेहऱ्याला टाळावे. थंडीत ते थिजतेही.

यात अर्काचे सगळे मिळून सहा थेंब घाला. सहा म्हणजे सहाच. शंभरात एक भाग एवढे ते प्रमाण होते आणि चेहऱ्याला तेवढे पुरते. उदाहरणार्थ, चंदनाचे तीन, रोशाचे दोन आणि लव्हेंडरचा एक. चंदन परवडत नसेल तर रोशाचे चार आणि लव्हेंडरचे दोन. घरात तान्हे मूल असेल तर एकही थेंब घालू नका. नुसते तिळाचे तेलही दाढी मऊ करते, वास तेवढा येत नाही.

बाटली काचेची आणि गडद रंगाची घ्या. चिठ्ठीवर तारीख लिहून चिकटवा. एका वेळी एवढेच करा आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. उन्हात, उघड्यावर राहिलेली अर्कतेले जुनी होतात आणि मग तीच कातडीला बाधतात.

वापरण्यापूर्वी दोन थेंब कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस थांबा. खाज, लाली, पुरळ काही नसेल तरच चेहऱ्याला लावा.

लावायचे कसे?

पुष्कळ पुरुष तेल केसांना लावतात आणि खाज कातडीला सुटते! आठवड्यातून दोन-तीनदा सौम्य शाम्पूने किंवा बाळाच्या साबणाने दाढी धुवावी. कपडे धुण्याचा साबण नको. टॉवेलने टिपून घ्यावी, खसाखसा पुसू नये. किंचित ओलसर असतानाच चार-पाच थेंब तेल तळहातावर घेऊन बोटांच्या टोकांनी मुळांशी चोळावे. मग उरलेला हात केसांवरून फिरवून कंगवा करावा. हे दिवसातून एकदा पुरे. कंगवा ह्यांचा वेगळा ठेवा आणि आठवड्याला धुवा.

कोणते तेल कशाला?

*टी ट्री* : नाव तसे असले तरी आपल्या चहाशी याचा संबंध नाही. हे झाड ऑस्ट्रेलियातले. तिथे २००२ साली डोक्यातल्या कोंड्यावर याच्या शाम्पूची तपासणी झाली आणि चार आठवड्यांत पुष्कळांना फरक पडला. पण तो तयार शाम्पू होता, निव्वळ तेल नव्हे. निव्वळ तेल कातडी जाळते. घरात मांजर-कुत्रे असेल तर जपा, त्यांना ते विषारी आहे.

*लिंबू* : लिंबाच्या सालीचे तेल लावून उन्हात गेले की चेहऱ्यावर काळे डाग पडतात. कोंड्यासाठी लिंबू पिळून चोळण्याची आपल्याकडे सवय आहे, तीही दाढीपुरती सोडा.

*लवंग, दालचिनी, ओव्याचे फूल* : ही स्वयंपाकघरात आणि दातदुखीतच बरी. चेहऱ्याला नकोत.

खरे-खोटे ओळखायला एक साधी युक्ती. पांढऱ्या कागदावर थेंब टाकून दिवसभर ठेवा. बहुतेक शुद्ध अर्क उडून जातो. गोड्या तेलाची भेसळ असेल तर तेलकट डाग राहतो. चंदन आणि वाळा मात्र जड, त्यांचा डाग थोडा राहतोच. फार स्वस्त चंदन तेल दिसले तर समजून घ्या.

दुसरे पत्र

लातूरच्या एक माउली लिहितात, "मुलगा अठरा वर्षांचा. मित्रांना भरघोस दाढी आणि ह्याच्या गालावर विरळ ठिपके. कुणीतरी सांगितले म्हणून दातदुखीचे लवंग तेल गालाला चोळले. दोन्ही गाल भाजल्यासारखे लाल झालेत. कॉलेजला जात नाही, आमच्याशी बोलत नाही. वडील चिडवतात."

आधी गालाचे बघू. असे झाले की लगेच सौम्य साबणाने आणि भरपूर पाण्याने धुवायचे. बर्फ थेट घासायचा नाही, टूथपेस्ट, हळद काही लावायचे नाही. चार-पाच दिवस उन्हापासून जपायचे. फोड आले असतील तर मात्र आजच डॉक्टरांकडे न्या. डोळ्यात गेले असते तर पंधरा-वीस मिनिटे पाण्याने धुऊन तडक दवाखाना, हेही सर्वांनी लक्षात ठेवा.

आता दाढीचे. तेलाने नवी दाढी उगवत नाही. ती शरीरातल्या पुरुषी संप्रेरकांवर आणि घराण्यावर अवलंबून असते. इराणमध्ये २०१५ साली रोजमेरी तेलाचा एक प्रयोग झाला, त्याचीच जाहिरातींतून फार चर्चा होते. पण तो डोक्याच्या केसांवर होता, दाढीवर नव्हे, आणि फरक दिसायला सहा महिने लागले. पुष्कळ मुलांची दाढी पंचविशीपर्यंत हळूहळू भरत जाते. वडिलांचा, मामांचा त्या वयातला फोटो काढून मुलाला दाखवा. त्यांचेही गाल कदाचित असेच असतील. आणि वडिलांना एकांतात सांगा की चिडवणे थांबवा. अठराव्या वर्षी गालावरच्या चार केसांचे दुःख मोठे असते, आपल्याला ते पन्नाशीत हास्यास्पद वाटते एवढेच.

तेल बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जावे?

दाढीत नाण्याएवढा गुळगुळीत चकंदळ पडला तर ती चाई असू शकते. कडेने लाल, खाजरे गोल वाढत गेले तर नायटा. पू भरलेल्या गाठी आल्या तर जंतूंचा किंवा बुरशीचा त्रास. आणि कोंडा भुवयांत, नाकाच्या कडेलाही पिवळसर खपल्यांनी येत असेल तर त्यावर तेल चोपडू नका. त्या कोंड्याला कारण असलेली बुरशी तेलावरच पोसते. औषधी शाम्पूने तो आटोक्यात येतो. औषधाच्या दुकानातून "खाजेचं मलम द्या" म्हणून आणलेली ट्यूब लावू नका. पुष्कळांत स्टेरॉइड असते. खाज थांबते, पण नायटा आत पसरतो आणि कातडी पातळ होते.

जाता जाता, अभ्र्याचे डाग

डागावर टाल्कम पावडर किंवा खडूची पूड टाकून रात्रभर ठेवा. सकाळी झटकून भांडी घासायचे पातळ साबण दोन थेंब चोळा, दहा मिनिटांनी कापडाला सोसेल तेवढ्या गरम पाण्यात धुवा. डाग पूर्ण जाण्यापूर्वी इस्त्री फिरवू नका, पक्का बसतो. त्याहून सोपे म्हणजे रात्री ह्यांच्या उशीवर जुना पंचा घाला. आणि खरे सांगायचे तर तेल सकाळी लावायला सांगा, म्हणजे अभ्राच वाचेल!

पुढच्या आठवड्यात पावसाळ्यात कपाटाला येणारा कुबट वास. त्यावर तुमच्या घरच्या युक्त्या असतील तर जरूर कळवा.